किसा गौतमीचे दुःख आणि आपल्या घरचा पाळणा



किसा गौतमीची कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. श्रावस्तीची ही माता. तिचे मूल वारले. ते मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली. लोकांनी तिला वेडी ठरविले. अखेर ती तथागतांच्या चरणाशी आली. तथागतांनी तिला सांगितले, "ज्या घरात आजवर कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरी घेऊन ये." मोहरी सर्व घरांत होती, मरण न पाहिलेले घर मात्र एकही नव्हते. दुःख आपल्या एकटीचे नाही हे गौतमीला उमजले. तिने मुलाचा देह स्मशानात ठेवला आणि ती संघाला शरण आली.

या कथेचा अर्थ पुष्कळ जण एवढाच सांगतात की मरण कोणालाच चुकले नाही, म्हणून रडू नका. हा अर्थ खरा आहे, पण तो अपुरा आहे. आपल्या भोकरदन, अंबड, परतूर, मंठा तालुक्यांतील एखाद्या वस्तीवर जा आणि एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा, "आजी, तुम्हाला लेकरं किती झाली?" ती दोन आकडे सांगेल : झाली इतकी, जगली इतकी. त्या दोन आकड्यांमधले अंतर हा काही अनित्यतेचा नियम नव्हे. ज्या घरात कोणीच मेले नाही असे घर जगात सापडणार नाही, हे तथागतांचे म्हणणे आजही खरे आहे. पण ज्या घरात तान्हे बाळ दगावले नाही अशी घरे उभी करता येतात, आणि ती उभी करणे हे बौद्धांचे कर्तव्य आहे.

तान्ह्या बाळाचे मरण परमपूज्य बाबासाहेबांनीही स्वतःच्या घरात सोसले आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची चार अपत्ये गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात न्यूमोनियाने गेला. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसांत झालेला जंतूंचा संसर्ग. त्या वेळी बाबासाहेब मोठे विद्वान होते, बॅरिस्टर होते. पण जंतू मारणारे पेनिसिलिन तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते. त्याचा शोध १९२८ साली लागला आणि रोग्यांना ते मिळू लागले १९४० नंतर. राजरत्नाच्या मृत्यूने बाबासाहेब व रमाई किती खचले होते हे त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रावरून कळते. तरीही अवघ्या आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या लोकांना पाण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी उभे होते.

१९२६ साली औषधच नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तरीही आपल्या घरातले बाळ केवळ उशीर झाला म्हणून, केवळ कळले नाही म्हणून जात असेल, तर त्या मरणाला दैव म्हणण्याचा अधिकार आपणास उरलेला नाही.

बाळाला होते तरी काय? नवजात बाळाच्या अंगात रोगाशी लढण्याची शक्ती फार थोडी असते. न धुतलेला हात, जुने पाते, मळका कपडा, नाळेवर लावलेली राख, अशा वाटांनी जंतू आत शिरतात. कधी आईलाच ताप असतो, किंवा पाणमोट फुटून फार वेळ गेलेला असतो, आणि जन्मताना संसर्ग होतो. जंतू रक्तात पसरले की सारे शरीर खचू लागते. डॉक्टर यालाच सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाला फणफणून ताप येतो. बाळाचे तसे नसते. ते कधी तापते, तर कधी उलट गार पडते. सकाळी अंगावर पिणारे बाळ रात्रीपर्यंत हातचे जाऊ शकते. म्हणूनच घरच्यांना वाटते की काहीतरी बाहेरचे झाले, नजर लागली.

येथे आपल्या धर्मांतराची खरी परीक्षा होते. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण देवदेवता न मानण्याची प्रतिज्ञा केली. भिंतीवर बाबासाहेबांचा व भगवान बुद्धांचा फोटो लावला. पण घरात बाळंतपण झाले की पाचव्या दिवशी कोपऱ्यात सटवाई येऊन बसतेच! ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत. बाळ गेले की "सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं" असे म्हणून मोकळे व्हायचे. ज्याचे कारण शोधायचे त्यावर कपाळाचा शिक्का मारला की पुढच्या बाळालाही तेच पाते आणि तेच फडके.

भगवंतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला. कारणावाचून काहीही घडत नाही. कारण दूर केले की परिणाम थांबतो. सेप्सिस ही या शिकवणीची रोज डोळ्यांसमोर घडणारी साक्ष आहे. १८४७ साली व्हिएन्ना शहरातील एका इस्पितळात बाळंतिणी तापाने पटापट मरत होत्या. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराच्या लक्षात आले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये सुमारे दोन मेल्या. मंत्र नाही, नवस नाही, फक्त धुतलेले हात. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही, कारण आपलेच हात दोषी आहेत हे मानणे त्यांना जड गेले.

आपल्या समाजाला तर हाताच्या स्पर्शाची गोष्ट नव्याने सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या आपला स्पर्श विटाळ मानला गेला. बाळंतीणही विटाळशी मानली गेली. म्हणून तिला अंधारी खोली, फाटके गोणपाट आणि टाकून द्यायच्या चिंध्या मिळाल्या. नाळ कापण्याचे काम हलके समजून ते बहुधा दलित वस्तीतल्या आयाबायांकडे दिले गेले. जातीचा विटाळ हे थोतांड आहे. कोणाच्या जन्माने कोणाचा हात अशुद्ध होत नाही. पण न धुतलेल्या हाताने मात्र बाळाचा जीव जातो, मग तो हात कोणत्याही जातीचा असो. विटाळ सोडा आणि साबण धरा. विटाळ सोडला म्हणजे बाळंतिणीला घरातली सर्वांत स्वच्छ, उजेडाची जागा मिळेल आणि सर्वांत स्वच्छ धुतलेले लुगडे मिळेल.

हे आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील साध्या, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाची तपासणी करणे, आजाराच्या खुणा ओळखणे आणि औषध व इंजेक्शन देणे शिकविले. त्याआधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांतली सुमारे सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण तीनच्या आसपास आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच वाटेने २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी येऊन नवजात बाळाला पाहतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या सहा भेटी असतात, घरी जन्मलेल्यासाठी सात. आशाताई दारात आली तर तिला बसायला द्या, बाळ उघडून दाखवा. "आमचं बरं आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका.

आता पंचशीलासारखीच पाच गोष्टींची स्वच्छता पाठ करा. बाळंतपण दवाखान्यातच करावे. पण वाटेत किंवा कोपीवर प्रसंग आलाच तर हात साबणाने स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते नवे कोरे, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळ कोरडी. नाळेवर हळद, तेल, राख, शेण काहीही लावू नये. ती आपोआप वाळून गळते. पहिला चीक फेकू नये. त्यात बाळाला रोगापासून वाचविणारे सत्त्व असते. पहिल्या तासात अंगावर पाजावे. गुटी, मध, साखरपाणी देऊ नये. जन्मताच आंघोळ घालू नये. पुसून, गुंडाळून उबेत ठेवावे.

आणि या खुणा प्रत्येक घरात माहीत असाव्यात : बाळ ओढून पीत नाही किंवा पिणे सोडले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालतो, छाती आत ओढली जाते, पोट फुगले, बेंबीतून पू येतो, बाळ जागेच होत नाही. यांतली एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका. मालक कामावरून येईपर्यंत थांबू नका. अंगारा नको, बिब्बा नको, पोटावर चटका तर मुळीच नको. १०८ ला फोन करा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्या आणि पीत असेल तर पाजत पाजत दवाखाना गाठा. आजारी नवजात बाळाचा सरकारी दवाखान्यातला उपचार आणि ने-आण मोफत आहे, हा तुमचा हक्क आहे. बाळंतिणीला ताप आला, घाण वासाचा स्राव येऊ लागला, तर तिलाही तसेच तातडीने न्या.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोटुशी बाई कोयता घेऊन फडात जाते आणि कोपीत बाळंत होते. तिथे गावची आशाताई नसते. म्हणून निघताना माता-बाल कार्ड सोबत घ्या, पोहोचताच जवळचा सरकारी दवाखाना कोठे आहे ते विचारून ठेवा. दिवस भरत आलेल्या सुनेला उचलीपायी नेऊ नका. उचल पुढच्या हंगामात फिटेल, लेकरू परत येणार नाही.

ज्या माउलीची कूस आधीच रिकामी झाली आहे तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाई, हा तुझा दोष नाही, तुझ्या पायगुणाचा नाही, मागल्या जन्मीच्या पापाचा तर नाहीच. सारी काळजी घेऊनही काही बाळे जातात, मोठ्या दवाखान्यातही जातात. सासूबाईंनी तिला बोल लावू नये. नवऱ्याने तिच्याजवळ बसावे. विहारात तिच्यासाठी परित्राण पाठ घ्यावा आणि वस्तीतल्या बायांनी तिचे बोलणे ऐकून घ्यावे. गौतमीलाही घरोघरीच्या माणसांनी आपले दुःख सांगितले, तेव्हाच तिचे हलके झाले.

अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेला एक भिक्खू तथागतांनी पाहिला. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः त्याच्यावर ओतले, दोघांनी त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. हे त्याचे कर्म आहे, असे तथागत म्हणाले नाहीत. जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असा त्यांच्या उपदेशाचा भाव आहे. पंचशीलातले पहिले शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. ज्या घरात बाळाला घेण्याआधी हात धुतले जातात, त्या घरात ते शील पाळले जाते.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर या नऊ खुणा एका उपासिकेने मोठ्याने वाचाव्यात, आणि लहान मुलींनी त्या पाठ म्हणाव्यात. त्याच उद्याच्या आया आहेत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!