उपकार आणि हक्क

म्हाताऱ्याकोताऱ्यांना सरकारने पोसावे, ही कल्पना एके काळी मला मुळीच रुचत नसे. पोटच्या मुलांचे कर्तव्य सरकारच्या गळ्यात बांधले की घरातला जिव्हाळा आटेल, शेजाऱ्याची कणव कचेरीकडे सोपविली की शेजारधर्म उरणार नाही, असे मी वर्गात ठासून सांगत असे. इंग्लंडचा इतिहास जरा नीट वाचला आणि ही समजूत डळमळली.

तिथल्या 1834 च्या कायद्याचा रोख असा, की धडधाकट गरिबाला मदत हवी तर त्याने ‘वर्कहाउस’मध्ये राहायला यावे. आत अन्न होते, निवारा होता. पण तिथले जिणे बाहेरच्या गरिबात गरीब मजुराहून सुखाचे असू नये, हे मुद्दाम पाहिले जाई. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. पोटाला घास मिळे, पण मान खाली घालून.

जर्मनीत बिस्मार्कने 1889 मध्ये वृद्धांचा विमा सुरू केला. त्यात कामगाराचीही वर्गणी असे. कामगार समाजवाद्यांकडे वळू नयेत, हा त्याचा डाव होता. तरी म्हाताऱ्याच्या हाती पडणारा पैसा भिक्षेचा नव्हता. इंग्लंडात 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वेतन मिळू लागले. रक्कम लहान, अटीही पुष्कळ. परंतु ती मिळे टपाल कचेरीत, सारा गाव तिकिटे घ्यायला येई तिथेच! पुढे 5 जुलै 1948 रोजी जुना दरिद्र-कायदा गेला आणि त्याच दिवशी सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली.

मग तिथली दया आटली काय? रिचर्ड टिटमस या अभ्यासकाने 1970 मध्ये रक्तदानावर एक ग्रंथ लिहिला. ब्रिटनमधले लोक या सरकारी सेवेला आपले रक्त एक पैसाही न घेता, कधी न पाहिलेल्या रुग्णासाठी देत होते, हे त्याने दाखवून दिले. माझी भीती खोटी ठरली ती इथे.

सरकार औषध देईल. आजाऱ्याच्या उशाशी बसणार नाही. ते काम आपलेच राहते, आणि पोटाची चिंता मिटलेली असली की ते अधिक मोकळ्या मनाने होते. मात्र ते करताना उपकाराची भाषा तोंडी येऊ नये, एवढे मी आता जपतो.