ओढ आणि हात

एका मनुष्यास वाईट गोष्टीची ओढ आहे, आणि तो तिला रोज आवरून सरळ चालतो. दुसऱ्यास ती ओढ मुळींच नाहीं, आणि तोही तसाच सरळ चालतो. या दोघांत अधिक चांगला कोण? हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीस देशचा तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल दुसऱ्यास श्रेष्ठ मानतो. ज्याची इच्छा व ज्याचा विवेक एकाच दिशेस जातात तोच खरा सद्गुणी. इच्छेशीं झगडून जो जिंकतो तो संयमी खरा, पण एक पायरी खालचा. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वजन दुसऱ्या पारड्यांत टाकलें. मन उलट ओढीत असतां केवळ कर्तव्य म्हणून जें केलें जातें, त्यांतच नैतिक मोल स्पष्ट दिसतें, असें त्याचें म्हणणें.

हा वाद आपण घटकाभर रस्त्यावर नेऊं. बाजारास माल नेणारा एक टेंपो डावीकडे ओढतो असें समजा. हांकणारा स्टिअरिंग किंचित् उजवीकडे दाबून धरतो, व गाडी सरळ जाते. पहिल्या आठवड्यांत त्याचा खांदा दुखतो. महिन्यानें दुखत नाहीं. सहा महिन्यांनीं आपण कांहीं दाबून धरलें आहे हेंच तो विसरतो. आणि विचारलें तर गाडी उत्तम चालते असें सांगतो. तो खोटें बोलत नाहीं. परंतु येथें कांटचा तो शूर पुरुष कोठें गेला? झगडा चालूच आहे, पण झगडणाऱ्यासच तो दिसेनासा झाला. ज्या श्रमाचें भान उरलें नाहीं त्यास कर्तव्य म्हणावें कीं संवय? आमच्या मतें ती संवयच होय.

शिवाय सरळ जाणें हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. पुढचीं दोन चाकें एकमेकांस समांतर नसून आंत किंवा बाहेर वळलेलीं असलीं, म्हणजे ज्यास कारागीर ‘टो’ बिघडला असें म्हणतात, तर गाडी ओढतेच असें नाहीं. दोन्ही चाकें तो दोष आपसांत वांटून घेतात, आणि गाडी नाकासमोर जाते. पण एखादें चाक अर्धा अंशच तिरपें असलें, तरी एक किलोमीटर जातांना तें जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवें घासत जातें. याची खूण रस्त्यावर उमटत नाहीं, टायरावर उमटते. हात फिरवला तर एका बाजूनें गुळगुळीत व उलट बाजूनें करवतीसारखें लागतें. कित्येक घरांतील शांतता आम्हांस अशीच वाटते. भांडण ऐकूं येत नाहीं, फक्त माणसें झिजलेलीं दिसतात.

दोष मागच्या आंसांतही असूं शकतो. तो आंस तिरपा बसला म्हणजे गाडी खेकड्यासारखी आडवी चालूं पाहते, आणि हांकणारा मात्र पुढचींच चाकें तपासून थकतो.

आतां दुसऱ्या बाजूचाही न्याय केला पाहिजे. प्रत्येक ओढ ही गाडीची नसते. पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेस उतरता बांधतात. रुंदीच्या दर मीटरास सुमारें दोन सेंटिमीटर उतार असतो. आपल्या देशांत गाड्या डाव्या अंगानें चालतात, म्हणून निर्दोष गाडीही जराशी डावीकडे सरकते. तिला दोष देणें अन्याय होय. परीक्षा अशी करावी: दोन्ही टायरांची हवा सारखी करावी, कारण कमी हवेच्या बाजूस गाडी ओढते, मग सपाट, मोकळ्या जागेवर ती चालवून पाहावी. ओढ नाहींशी झाली तर ती रस्त्याची. राहिली, तर पुढचीं दोन चाकें उजवीडावीकडे अदलाबदल करावीं. ओढीनें बाजू बदलली तर खोट टायरांत आहे. तरीही ती जागची हालली नाहीं, तर चाकांच्या मांडणींत किंवा ब्रेकांत शोधावें. परिस्थितीनें बिघडलों असें म्हणणाऱ्यानेंही परिस्थिति बदलून पाहावी. गांव सुटला, सोबती सुटले, आणि ओढ त्याच बाजूस राहिली, तर रस्त्यास बोल लावण्यांत अर्थ उरत नाहीं.

कोणी म्हणेल, उलट दिशेची ओढ मुद्दाम लावावी. कांहीं कारागीर खरोखरच चाकांच्या कोनांत थोडा फरक ठेवून रस्त्याच्या उताराची भरपाई करतात. ॲरिस्टॉटलनेंही वांकडें लांकूड सरळ करतांना तें उलट वांकवितात, असा दाखला दिला आहे. उपाय चांगला आहे, पण मापांत. भरपाई फार झाली तर तीच गाडी सपाट रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाऊं पाहील. दारू सोडलेला मनुष्य पिणाऱ्या प्रत्येकाचा द्वेष करूं लागतो, तें असेंच.

मग झगडणाऱ्यास मान नाहींच काय? आहे. ज्याच्यापाशीं आज दुरुस्तीचे पैसे नाहींत, आणि मुलें उपाशी राहूं नयेत म्हणून जो जाणूनबुजून, सावकाश, हात घट्ट ठेवून बाजार गांठतो, त्यास आम्ही हंसणार नाहीं. मात्र ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास झेपावत असेल, तर गरिबीची सबब चालत नाहीं. हाताचा सराव रोजच्या ओढीपुरता असतो. आडवें मूल आलें कीं ती ओढ एकदम अनेक पटींनीं वाढते, आणि हात अपुरा पडतो. अशी गाडी जागीं उभी ठेवणें हेंच त्या दिवशींचें कर्तव्य.

आणि ती दुसऱ्याच्या हातीं देतांना काय? मालकाच्या हातास संवय आहे, धाकट्या भावाच्या हातास नाहीं. न सांगतां किल्ली देणें किंवा न सांगतां गाडी विकणें हा आमच्या मतें मूळ दोषाहून मोठा दोष आहे; कारण येथें जोखीम एकाची राहत नाहीं. अडचण एवढीच कीं, जो आपली ओढ विसरला तो ती सांगणार कशी? त्यानें कधीं मधीं शेजारच्या जाणत्या हांकणाऱ्यास आपल्या जागीं बसवावें आणि स्वतः बाजूस बसून काय म्हणतो तें ऐकावें. परक्या हातास ती ओढ गांवची वेस ओलांडण्यापूर्वींच लागते.