स्मारकातील माता आणि नोंदवहीतील रेघ

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. एवढा संहार सोसलेल्या राष्ट्राने स्मारके उभारू नयेत, असे कोण म्हणेल? प्रश्न निराळाच आहे. राज्यसंस्था स्त्रीला स्मरणाची मूर्ती करते, तेव्हा जिवंत स्त्रीचे ऋण फिटते काय?

व्होल्गोग्राडच्या मामायेव टेकडीवर १९६७ साली खड्ग उगारलेल्या मातृभूमीचा पुतळा उभा राहिला. खड्गासह त्याची उंची ८५ मीटर. प्रत्यक्ष सैन्यात गेलेल्या स्त्रिया सुमारे ८ लक्ष. त्यांत परिचारिका होत्या, तशा वैमानिक आणि नेमबाजही होत्या. जुलै १९४५ मध्ये सैन्यातून मोकळ्या झालेल्या तरुणींना मिखाइल कालिनिन यांनी सल्ला दिला की, आपल्या कामगिरीविषयी तुम्ही बोलू नका, इतरांना बोलू द्या. विनयाचा उपदेश म्हणून हे ठीकच. पण इतर बोललेच नाहीत तर? स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी या स्त्रियांच्या आठवणी ग्रंथरूपाने आणल्या त्या १९८५ साली, आणि त्याही सेन्सॉरच्या कात्रीतून सुटल्या नाहीत.

कायद्याच्या अभ्यासकाला अधिक बोचतो तो ८ जुलै १९४४ चा हुकूम. त्याने दहा मुलांच्या आईला ‘वीरमाता’ ही पदवी दिली. त्याच हुकुमाने, नोंदणीविवाहावाचून माता झालेल्या स्त्रीचा पित्यावर दावा लावण्याचा आणि पोटगी मागण्याचा हक्क काढून घेतला. राज्य तिला भत्ता देई, हे न्यायाने सांगितले पाहिजे; परंतु मुलाच्या जन्मनोंदीत पित्याच्या जागी रेघ ओढली जाई. राज्याला मुले हवी होती, पुरुषाला जाब विचारायचा नव्हता. आमच्या वकिली भाषेत बोलायचे तर, पदक ही कर्जफेडीची पावती होऊ शकत नाही.

महाभारताच्या स्त्रीपर्वात गंगातीरी मृतांना जलदान चालू असता कुंती सांगते की, कर्ण तुमचा ज्येष्ठ बंधू, त्यालाही जल द्या. युधिष्ठिर व्यथित होतो, इतक्या वर्षांच्या मौनाबद्दल मातेवर रुष्टही होतो. पण जल देतो. तेथे मातेचा शब्द हाच पुरावा ठरला. सोव्हिएत नोंदवहीपुढे असा शब्द उच्चारून काही उपयोग नव्हता.

पितृत्व सिद्ध करण्याचा मार्ग काही अटींवर पुन्हा उघडला तो १९६८ च्या कुटुंबकायद्याने, टेकडीवर पुतळा उभा राहिला त्याच्या पुढल्या वर्षी. १९४५ साली जन्मलेले मूल तोवर तेवीस वर्षांचे झाले होते.