शंकासमाधान : गळा दाटून येतो तेव्हा

शंका : माझे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले. आम्ही दोघेही मंडळीच्या गायनवृंदात होतो. ते पेटी वाजवायचे. आता उपासनेत गीत सुरू झाले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पाळकसाहेब म्हणतात, प्रभूमध्ये आनंद करा. गप्प बसले तर विश्वास कमी पडला असे लोक म्हणतील, आणि मनात नसताना गायले तर ते ढोंग होईल. काय करावे?
– एक भगिनी, नगर जिल्हा

समाधान : ताई, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. ज्या पेटीच्या सुरावर इतकी वर्षे गायलात ती थांबली आहे. गळ्याने लगेच दुसरा सूर धरावा, अशी अपेक्षा देवाचीही नाही.

स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र उघडून पाहा. १५० स्तोत्रांत विलापाची पुष्कळ आहेत आणि बहुतेक शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच थांबते. ज्यांनी हा संग्रह जपला त्यांना ते गाळता आले असते, नाहीतर शेवटी आनंदाच्या दोन ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी ते आहे तसे ठेवले. त्याच्या मथळ्यात मुख्य गवयाचा उल्लेख आहे, म्हणजे ते चारचौघांत गाण्यासाठीच होते. खचलेल्या माणसाचे दुःख सगळ्यांनी मिळून देवासमोर म्हणायचे, हीसुद्धा उपासनाच होती. वधस्तंभावर प्रभूने केलेला आक्रोशही २२व्या स्तोत्राच्या आरंभीचा आहे. देवाने आपल्याला टाकले असे वाटण्याची वेळ त्याने स्वतः सोसली आणि ती स्तोत्राच्याच शब्दांत बोलून दाखवली.

आता ढोंगाबद्दल. फिलिप्पै गावच्या तुरुंगात पौल आणि सीला यांनी मध्यरात्री गीते गायली, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. फटके खाल्लेल्या पाठी, खोड्यात अडकवलेले पाय, मग भूमिकंप, उघडलेली दारे. उपदेशात बहुधा एवढे सांगितले जाते. प्रेषितांच्या कृत्यांत आणखी एक लहानशी नोंद आहे : बाकीचे बंदिवान ऐकत होते. त्यांच्याबद्दल फारसे काही कळत नाही. ते कोण होते, का कोंडले गेले होते, काहीच नाही. ते गायले नाहीत आणि त्यांनी गावे असे कुणी म्हटलेही नाही. पण भूमिकंप झाला तेव्हा सगळ्यांचीच बंधने सुटली, असे तिथे लिहिले आहे.

सध्या तुम्ही त्या ऐकणाऱ्यांत आहात. गायनवृंदाच्या बाकावरून काही महिने खाली या आणि जिच्याजवळ रडायचा संकोच वाटणार नाही अशा बहिणीच्या शेजारी बसा. गाऊ नका, ऐका. तुमच्या वाट्याचे गीत मंडळी म्हणेल. गेली कित्येक वर्षे तुम्ही दोघे जेव्हा गात होतात, तेव्हा समोरच्या बाकांवर कुणीतरी असेच गळा दाटून बसलेले असणार, आणि ते तुमच्या आवाजावर तगून घरी गेले असणार. तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मंडळी कशासाठी असते असे मला कुणी विचारले, तर मी आधी हेच सांगतो. एखाद्या रविवारी एखादे कडवे आपोआप ओठांवर आले तर म्हणा. पुढच्या रविवारी नाही आले, तरी चिंता करू नका.

पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा आणि एक विनंतीही. प्रभूमध्ये आनंद करा असे पौलाने त्याच फिलिप्पैकरांना लिहिले आहे, तेही स्वतः बंदिवासात असताना. पण रोमकरांना लिहिताना रडणाऱ्यांबरोबर रडा, असेही त्याने सांगितले. दुसऱ्या वचनावर एक उपदेश व्हावा, विधवा भगिनी समोर बसलेल्या असताना व्हावा.

शेवटचे : झोप आणि जेवण पार उडाले असेल तर डॉक्टरांना दाखवा. एलिया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला काही उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले.

शंका : आमच्या मंडळीत तरुण मुले गिटार, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी गीते घेऊन आली आहेत. आम्ही अभंग, भजन, टाळ-पेटीवर वाढलो. त्यात एक पाहुणे उपदेशक सांगून गेले, की अभंगाच्या चाली जुन्या धर्माच्या, त्या ख्रिस्ती माणसाने सोडाव्यात. आमचे आजे-पणजे चुकत होते का?
– एक निवृत्त शिक्षक, जालना

समाधान : गुरुजी, मुळीच चुकत नव्हते, आणि हे मला ठासून सांगायचे आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. भाषा मराठी, रचना ओव्यांची, लिपी मात्र रोमन, कारण छापायला मराठी खिळे नव्हते. ते का लिहिले याचे कारण ग्रंथाच्या सुरुवातीलाच येते. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचायची मनाई झाली होती, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने विनवले, की त्यांच्या जागी आम्हाला तसेच काही द्या. मला ही विनवणी फार मोलाची वाटते. त्या माणसांना धर्माचे प्रश्नोत्तर पाठ येत होते, पण तेवढ्यावर जीव रमत नव्हता. कथा हवी होती, ओवी हवी होती, चारचौघांत बसून ऐकायचे काही हवे होते. फादर स्टीफन्सनी ते ऐकले. मग गोव्यातल्या चर्चांमधून सणा-रविवारी क्रिस्तपुराण वाचले जाऊ लागले.

पुढचा इतिहास तुमच्या बाजूलाच घडला. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते मानत. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात घ्या. टिळकांच्या भजनांवाचून ते पुस्तक कसे उरेल? ज्या आयाबायांना अक्षर येत नव्हते त्यांना दळता-कांडताना ख्रिस्त आठवला तो या चालींमुळे. त्यांना कोणता छंद कोणत्या धर्माचा हे ठाऊक नव्हते. आपल्या भाषेत देव आपल्याशी बोलतो आहे, एवढे ठाऊक होते.

पण हाच न्याय आपल्यालाही लागू होतो. टाळ-पेटी आजोबांच्या हातात बसली म्हणून पवित्र झाली, तशी गिटार नातवाच्या हातात होऊ शकते. मुलांना अडवू नका. फक्त एक मागा : दर रविवारी एक मराठी भजन त्यांनी तुमच्याकडून शिकावे. चाल लेखी राहत नाही, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि तुमच्या पिढीबरोबर ती गेली तर कोणत्याही पुस्तकातून परत मिळणार नाही. शिकवायला बसा. तुम्ही शिक्षक होतात, ही सेवा तुमच्याहून चांगली कोण करील?

शंका : माझे यजमान श्रद्धावंत नाहीत. रोज संध्याकाळी मी मुलांना घेऊन गीत गाते, वचन वाचते. ते टीव्हीचा आवाज वाढवतात. सासूबाईंनाही आवडत नाही. आवाज चढवून गावे, की बंद करावे?
– एक माता, पिंपरी

समाधान : बाई, दोन्ही नको. गीत ज्या क्षणी नवऱ्याला ऐकवण्यासाठी म्हटले जाते, त्या क्षणी त्याचे टोमण्यात रूपांतर होते, आणि मुलांना ते आपल्या आधी कळते. विश्वास न ठेवणाऱ्या पतींच्या बायकांना पेत्राने आपल्या पत्रात जे लिहिले त्यात न बोलता, वागणुकीने जिंकण्याची गोष्ट आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरात नसतील तर आणा. तुमच्या उलट त्यांचे घडले. नवरा ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि परत आल्यावरही आपले सोवळे सांभाळून होत्या. टिळक रागीट गृहस्थ, पण बायकोच्या सोवळ्याला त्यांनी घरात जागा दिली. मग लक्ष्मीबाईंनी स्वतःशी विचार केला, स्वतःच्या पायांनी चालत आल्या आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. कुणी ओढून आणलेली बाई हे करती ना.

तेव्हा वेळ बदला. बातम्यांची वेळ यजमानांची, ती त्यांना द्या. मुले अंथरुणावर पडली की एक गीत हलक्या आवाजात, एक गोष्ट, छोटी प्रार्थना; दहा मिनिटे पुरेत. त्या प्रार्थनेत बाबांचे नाव प्रेमाने घ्या, त्यांच्या सुधारणेची मागणी मुलांच्या तोंडी घालू नका. सासूबाईंना त्यांच्या लहानपणीच्या ओव्या येत असतील, त्या मुलांना म्हणून दाखवायला सांगा. त्यांचा मान राहील आणि नातवंडांना आजी मिळेल.

शंका : नऊ वर्षांच्या मुलाने शब्बाथ शाळेत अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट ऐकली. तेव्हापासून रात्री विचारतो, देवाने सांगितले तर बाबा मलाही मारतील का? त्याला काय सांगू?
– एक पिता, पुणे

समाधान : ‘नाही’ असे सांगा. आधी हे एकच, स्पष्ट, त्याला जवळ घेऊन. अर्थ नंतर. मोठा झाल्यावर त्याला समजेल, की आसपासचे लोक लेकरांचे बळी देत अशा काळात ही गोष्ट देवाने सुरी थांबवली इथे येऊन पोचते. आज त्याला फक्त थांबवलेली सुरी दाखवा. शब्बाथ शाळेच्या बाईंना भेटा, तक्रार म्हणून नव्हे. मुलांचे वय पाहून गोष्टी निवडाव्यात असे सुचवा.

सध्या त्याच्या वयाच्या मुलांच्या गोष्टी सांगा. लव्हाळ्यांत ठेवलेल्या तान्ह्या भावावर लांबून नजर ठेवणारी मोशेची बहीण, रात्री हाक ऐकून तीनदा उठून गेलेला शमुवेल, पाच भाकरी नि दोन मासळ्या जवळ असलेला मुलगा. आणि तुमच्या घरातल्याही सांगा. तुमच्या पणजोबांनी दुष्काळात काय खाल्ले, आजी बाप्तिस्म्यानंतर कुणाच्या विहिरीवर पाणी भरायला गेली, कोणत्या आजारात कुणी उशाशी बसून भजन म्हटले. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीतले बारा धोंडे उचलून रचायला लावले, ते मुलांनी पुढे विचारावे म्हणून. तुमचे वडील हयात असतील तर या सुट्टीत मुलाला त्यांच्याकडे आठ दिवस ठेवा, आणि काय विचारायचे ते त्याचे त्यालाच ठरवू द्या.