पुढे-मागे

गाडी बाजूला सरकत नाही. इमारतीखालच्या दोन खांबांमधली जागा समोर दिसत असते, हातभरच डावीकडे जायचे असते आणि नेमके तेवढेच करता येत नाही. रिव्हर्स शिकणाऱ्याची खरी गाठ पडते ती इथे.

गणिताच्या नजरेने पाहिले तर ही गाठ फार सुंदर आहे. गाडी कुठे, कशी उभी आहे हे सांगायला तीन आकडे लागतात, दोन जागेचे आणि एक तोंडाच्या दिशेचा. चालवणाऱ्याच्या हाती गोष्टी दोनच. पुढे-मागे जाणे आणि स्टिअरिंग फिरवणे. भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झने 1894 साली प्रसिद्ध झालेल्या यामिकीवरच्या ग्रंथात बाजूला सरकू न देणाऱ्या या बंधनासारखी बंधने इतरांपासून वेगळी काढली. ती क्षणाक्षणाची वाट अडवतात, मुक्काम अडवत नाहीत. डावीकडे चाके वळवून थोडे पुढे, मग उजवीकडे वळवून तेवढेच मागे, असे केले की गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरते. अशा हालचाली योग्य क्रमाने जोडत गेले तर ती बाजूलाही सरकते! नवशिक्याला ज्या पुढे-मागेची लाज वाटते, ती त्याची चूक नसते. त्या जागेपर्यंत जाणारी वाटच तशी आहे.

मग मागूनच का शिरायचे? मागची चाके वळत नाहीत, म्हणून. गाडीच्या वळणाचे केंद्र मागच्या आसाच्या रेषेवर असते. पुढची दोन चाके त्या एकाच केंद्राभोवती कशी वळवावीत, ही रचना म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराची. 1818 साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट आकरमान यांनी घेतले आणि नावही त्यांचेच राहिले, हे मला अन्यायाचे वाटते. तोंडाने शिरलो तर मागची चाके आतून वळण कापतात आणि दार खांबाला घासते. मागून शिरलो तर न वळणारी चाके आधी जागेवर बसतात आणि वळणाऱ्या चाकांना बाहेर मोकळीक उरते.

1 जुलै 2019 पासून भारतात नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. मागे कुणी मूल उभे असेल तर त्यांचे मोल मोठे आहे. पण ते अंतर सांगतात, कोन सांगत नाहीत. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा वॉचमनही अंतरच सांगतो. कोन मात्र आरशात, मागचे चाक आणि जमिनीवरची पांढरी रेघ यांच्यामध्ये, आपणच पाहायचा असतो. त्याला सावकाशपणा लागतो.

म्हणून मागे थांबलेल्यांना विनंती, तेवढा वेळ हॉर्न वाजवू नका.