त्रासाच्या रकान्यातले औषध

१९५७ साली अमेरिकी डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांनी अस्थिमज्जा चढवलेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सहापैकी एकही जण शंभर दिवसांपलीकडे जगला नव्हता. तरी त्यामागचा हिशेब सरळ होता. ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग मज्जेत मुरतो, तेव्हा किरणांचा जबर मारा करून रोगी मज्जा नष्ट करायची आणि नवे रक्त तयार व्हावे म्हणून निरोगी माणसाची मज्जा शिरेतून द्यायची. रोग मारायचा तो किरणांनी. दात्याची मज्जा फक्त झालेले नुकसान भरून काढणार.

अपयशांची रांग लागली तेव्हा बऱ्याच संशोधकांनी या उपचाराचा नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. १९७७ साली त्यांच्या सिअ‍ॅटलच्या चमूने ल्युकेमियाच्या शंभर रुग्णांचा अहवाल दिला. इतर सगळे उपाय थकलेल्या या शंभरांपैकी तेरा जण रोगमुक्त जगत होते. आज हा आकडा तुटपुंजा वाटेल. पण हे तेराही जण एरवी वाचले नसते.

या उपचारातली मोठी आडकाठी होती ती दात्याच्या पेशींची. मज्जेबरोबर दात्याच्या टी पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीही येतात आणि त्यांच्या लेखी रुग्णाचे अख्खे शरीर परके असते. काही आठवड्यांत तळहात-तळपायांवर लाल पुरळ उठते, कातडी सोलवटते, जुलाब थांबत नाहीत, डोळे पिवळे पडतात. काही रुग्ण ल्युकेमियातून सुटून याच उलट्या हल्ल्यात दगावत. साहजिकच डॉक्टरांनी हे सगळे दुष्परिणामांच्या रकान्यात नोंदवले आणि ते कसे टाळता येईल याच्या मागे लागले.

१९७९ साली सिअ‍ॅटलच्याच चमूने त्या नोंदी वेगळ्या नजरेने तपासल्या. ज्यांना हा त्रास बऱ्यापैकी झाला होता, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण सुमारे अडीच पटींनी कमी निघाले. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांना असा त्रास होत नसे, पण त्यांचा आजार जास्त वेळा उलटे. पुढे काही रुग्णालयांनी मज्जेतून टी पेशी गाळून टाकल्या. त्रास घटला आणि ल्युकेमिया परतू लागला. १९९० साली म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी याची दुसरी बाजू दाखवली. प्रत्यारोपणानंतर आजार उलटलेल्या तीन रुग्णांना त्यांनी त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा चढवल्या, जोडीला इंटरफेरॉन दिले आणि तिघांचाही ल्युकेमिया मागे हटला.

इथे मूळ हिशेब फिरला. रोग मारण्याचे श्रेय एकट्या किरणांचे नव्हते. परक्या पेशींचा जो राग आवरायचा म्हणून धडपड चालली होती, त्या रागातच औषध होते.

सिअ‍ॅटलची ही विद्या मुंबईत लवकर पोहोचली. थॉमस यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण. त्याच सुमारास अमेरिकी नौदलातले एक तरुण डॉक्टर, कार्ल जून, सिअ‍ॅटलला शिकायला आले. अण्वस्त्रांच्या त्या काळात किरणांनी होरपळलेल्या सैनिकांसाठी मज्जा प्रत्यारोपण जाणणारे डॉक्टर नौदलाला हवे होते. पुढे जून यांनी एड्सवर काम करताना टी पेशी शरीराबाहेर मुबलक वाढवण्याची रीत बसवली.

आता प्रश्न नेमका झाला होता : राग हवा, पण तो फक्त रोगी पेशींवर कसा वळवायचा? इस्रायलमधल्या झेलिग एशहार यांनी १९८९ सालीच प्रतिपिंडाचा रोग ओळखणारा तुकडा टी पेशीच्या हल्ला करणाऱ्या यंत्रणेला जोडून दाखवला होता. जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा जोडग्राहक रुग्णाच्याच टी पेशींत बसवला. त्यासाठी वाहन वापरले ते निकामी केलेल्या एचआयव्ही विषाणूचे. लक्ष्य होते या ल्युकेमियात बिघडणाऱ्या बी पेशींवरची सीडी१९ ही खूण. २०१० साली तीन प्रौढ रुग्णांवर हा उपचार झाला. त्यांपैकी दोघांच्या रक्तात या पेशी दहा वर्षांनंतरही सापडल्या.

पण त्रासाने पाठ सोडली नव्हती. एप्रिल २०१२मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या. ताप कमालीचा चढला, रक्तदाब कोसळला, ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत आयएल-६ हा दाह वाढवणारा रेणू भलताच वाढलेला दिसला. जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता. त्या आजारावर आयएल-६ला रोखणारे टॉसिलिझुमॅब मिळते, हे त्यांना त्यामुळे ठाऊक होते. ते दिल्यावर काही तासांतच एमिली सावरू लागली आणि पुढे तिचा ल्युकेमियाही गेला. दाह आवरला, तरी पेशींचे काम थांबले नाही. मज्जा प्रत्यारोपणात टी पेशी गाळून टाकणाऱ्यांना जे साधले नव्हते ते इथे साधले : त्रास बाजूला काढता आला आणि औषध हाती राहिले.

२०१७ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. तेव्हा एका मात्रेची किंमत होती ४,७५,००० डॉलर. आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या याच जातीच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात परवानगी मिळाली. खर्च अमेरिकेच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला. मूळ जोडग्राहकाचा जो भाग उंदरापासून घेतला जाई, तो इथे मानवी घडणीच्या जवळ आणला आहे आणि चाचण्यांत मेंदूवरचे दुष्परिणाम कमी आढळले. तरीही ही रक्कम लाखांत जाते. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या रुग्णालयात मूल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती आजही झेपणारी नाही.

शिवाय काही रुग्णांत आजार परततो, कारण रोगी पेशी सीडी१९ची खूणच टाकून देतात. वरवर ही हार आहे. पण एकाच खुणेवर विसंबले की शत्रू कसा निसटतो, हे त्या हारीनेच दाखवले. म्हणून आता सीडी२२सारखी दुसरी खूणही ओळखणाऱ्या पेशींवर काम चालू आहे. या साऱ्या वाटचालीत निर्णायक ठरल्या त्या फसलेल्या उपचारांच्या, पुरळांच्या, तापांच्या नोंदी. कोणीतरी त्या प्रामाणिकपणे लिहिल्या आणि दुसऱ्या कोणीतरी त्या नव्याने वाचल्या. यशाचा आकडा मिरवण्याच्या घाईत त्रासाचा रकाना कोरा सोडणारे संशोधन म्हणूनच रुग्णाइतकेच स्वतःचेही नुकसान करून घेते.