विहीर खोदली, तेव्हा बातमी झाली

२०१६च्या मे महिन्यात वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं कळंबेश्वर हे गाव अचानक देशभर पोहोचलं. एका दलित मजुराच्या बायकोला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारलं गेलं. त्याने मजुरी सांभाळून, एकट्याने ४० दिवस खोदून स्वतःची विहीर केली आणि तिला पाणी लागलं. मग कॅमेरे आले, अधिकारी आले, नाना पाटेकरांचा फोन आला. एकट्याने डोंगर फोडून रस्ता करणाऱ्या बिहारच्या दशरथ मांझींशी तुलना झाली आणि वाशिम जिल्हा पुन्हा बातम्यांतून दिसेनासा झाला.

त्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या बातमीतली एक गोष्ट मनातून जात नाही. पाणी नाकारणाऱ्याचं नाव सांगायला तो तयार नव्हता. गावात रक्तपात नको, असं त्याचं म्हणणं होतं. मला खरी बातमी इथे दिसते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच नाव घेताना गावाच्या शांततेची काळजी वाहावी लागते, हे भयंकर आहे. मथळा मात्र जिद्दीचा झाला. जिद्दीच्या कहाणीत कुणालाही जाब द्यावा लागत नाही, म्हणून ती सगळ्यांनाच सोयीची असते.

आदल्याच वर्षी याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका बाईने मंगळसूत्र विकून शौचालय बांधलं. सत्कार झाला, फोटो छापून आले. सरकारचं १२,००० रुपयांचं अनुदान बहुधा बांधकाम झाल्यावर हाती येतं, तोवर गरिबाने पैसा कुठून उभा करायचा, हे त्या फोटोंखाली कुणी लिहिलं?

वाशिम हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भातला जिल्हा. विदर्भात आत्महत्या सुरू असताना, २००६ साली, मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकला ५१२ पत्रकार हजर असल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं. त्या वेळी विदर्भात फिरणारे बाहेरचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

इथल्या बातमीचा भार तालुक्याच्या वार्ताहरावर असतो. त्याला मानधन नाममात्र, अनेकदा तेही नाही. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पुढाऱ्याचा वाढदिवस, अशा पुरवण्यांसाठी तो ज्या सरपंचाकडे, पतसंस्थेच्या अध्यक्षाकडे, कंत्राटदाराकडे जातो, प्रश्नही त्यांनाच विचारायचे असतात. आता हातात मोबाइल आहे, यूट्यूब चॅनेल आहे, व्हॉट्सॲपच्या गटांत बातमी पाच मिनिटांत फिरते. वेग आला, पण जाहिरातदार तेच राहिले. त्याच्या धैर्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या पगाराची चौकशी मालकांकडे करायला हवी.

तरीही काम करता येण्याजोगं आहे. दरवर्षी जिल्ह्याचा पाणीटंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत होतो. पहिला ऑक्टोबर ते डिसेंबर. कोणत्या गावात टँकर लागेल, कुणाची खासगी विहीर अधिग्रहित होईल, हे त्यात गावनिहाय लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन वार्ताहराने गावात जावं आणि अधिग्रहित विहिरीवर कोणत्या वस्तीतल्या बायका पाणी भरतात, कोणत्या भरत नाहीत, एवढं लिहावं. त्याच्या पेट्रोलचे पैसे संपादकांनी द्यावेत.